अलाइनमेंट करून आणतो, महिन्यात पुन्हा तेच: जुन्या ऑक्टाविया आरएसचं दुखणं कुठं होतं

समोरचे दोन्ही टायर बाहेरून नवे कोरे आणि आतल्या कडेला तारा दिसायच्या बेतात. तेही सात हजार किलोमीटरमध्ये. मधे तीन वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालेली, तिन्ही वेळा पुढच्या चाकांच्या हिरव्या, म्हणजे मर्यादेतल्या, आकड्यांचा कागद हातात. तुमच्या गाडीचं असंच चाललं असेल तर चौथ्यांदा अलाइनमेंटला जायच्या आधी हे वाचा. माझे दोन टायर आणि जवळपास आठ महिने यात गेले.

गाडी २०१८ची स्कोडा ऑक्टाविया आरएस २३०. पुण्याहून सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर ६१ हजार. २३० पीएस, ३५० एनएम आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. चार दारं आणि ५९० लिटरची डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझ्या डिकीत अंबडकडून येताना मोसंबीची पोती असतात आणि तरी दौलताबादच्या घाटात ती कुणाला मागे बसू देत नाही. ऑक्टाविया आमच्या इथे, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यालाच जुळवल्या जायच्या, म्हणून गाडी दारात लागली तेव्हा आई म्हणाली, "पोर माहेरी आली." माहेरी आलेल्या पोरीची दुखणी हळूहळू कळतात, तसंच झालं.

लक्षणं जरा सविस्तर सांगतो, निम्मं निदान त्यातच असतं. गाडी सरळ जायची, पण स्टेअरिंग उजवीकडे झुकवून धरलं तर. फार नाही, चार-पाच अंश. पण एकदा लक्षात आलं की डोळ्यात खुपत राहतं. ऐंशी-नव्वदच्या वेगात जोरात ब्रेक मारला की नाक उजवीकडे घुसायचं. गावातल्या ब्रेकरवर मागून एक कोरडी 'टक'. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे अलाइनमेंट केली की तीन-चारशे किलोमीटर सगळं ठीक, मग हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं. लातूरचा मित्र एकदा मागून येत होता, त्याने पाचोडला चहाला थांबल्यावर विचारलं, "काय करायलास बे? तुझी गाडी तिरकी चालायली. नाक डावीकडं, शेपूट उजवीकडं. खेकड्यावानी." मी हसण्यावारी नेलं. निदान त्याने तिथेच केलं होतं, मला कळायला अजून तीन महिने लागले.

आधी दोन फुकटच्या चाचण्या. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये कुठलीही धडधाकट गाडी हात सोडला की किंचित डावीकडे जाते. तो दोष नव्हे. सपाट रस्ता शोधा किंवा रिकाम्या रस्त्यावर मधोमध चालवून बघा. दुसरं, पुढचे दोन टायर आपसात डावे-उजवे बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, बदलली नाही तर गाडीचा. माझ्या गाडीत बदलली नाही.

मग हात फिरवून टायर वाचायचा. नुसता डोळ्यांनी नाही, तळहाताने. आतली कड सपाट गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचं वरून आत-बाहेर झुकणं) जास्त असण्याची शक्यता मोठी. आडवा हात फिरवताना एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले तर टो (चाकाचं तोंड सरळ न राहता आत किंवा बाहेर वळणं) बिघडलेला. माझ्या टायरला दोन्ही होतं. मी टूलरूममध्ये कामाला, त्यामुळे व्हर्निअर कायम हाताशी. त्याच्या मागच्या दांडीने खोली मोजली. नवा टायर साधारण ८ मिमीचा. माझा बाहेर ६.४, मधे ५.३, आतल्या खाचेत २.१. कायद्याची मर्यादा १.६, आणि आतली कड तर त्या खाचेच्याही पलीकडची, तिथे मोजायला काही उरलंच नव्हतं.

टो हा शब्द सगळे वापरतात, पण तो किती महाग पडतो याचा हिशेब कुणी करत नाही. समजा एक चाक सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश तिरकं आहे. डोळ्याला दिसणारही नाही. पण अर्ध्या अंशाची साइन ०.००८७, म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक जवळपास पावणेनऊ मीटर आडवं फरफटतं. छत्रपती संभाजीनगर ते बीड साधारण सव्वाशे किलोमीटर धरा. बीड येईपर्यंत एक किलोमीटरहून जास्त अंतर तो टायर कडेला घासला गेला. त्यात उन्हाळ्यातला तापलेला डांबरी रस्ता. रबराने आणखी काय करावं?

इथवर मला कळत होतं. कळत नव्हतं ते हे, की टो सेट करूनही तो टिकत का नाही. त्याचं उत्तर आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दिलं. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांच्याकडे अलाइनमेंटचं मशीन नाही, एक खड्डा आहे, एक दिवा आणि एक टॉमी (पहारीसारखी लोखंडी दांडी). माझे तिन्ही कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि परत दिले. "मशीन खोटं नाही बोलत भाई. पण ते उभ्या गाडीचा फोटो काढतंय. गाडी पळताना काय करती, ते फोटोत कुठं दिसनार?"

गाडी खड्ड्यावर घेतली. पुढच्या उजव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणारी खालची दांडी) मागच्या बुशवर (तिच्या सांध्यातलं रबर) दिवा धरला. वरून पाहिलं तर बुश साबूत. त्यांनी आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) यांच्या मधे टॉमी घातली आणि मनगटाने हलकासा जोर दिला. रबरात अर्धचंद्रासारखी चीर होती, ती ओठ उघडावेत तशी उघडली आणि टॉमी सोडताच मिटली. तीन अलाइनमेंट त्या चिरेवर बसून झाल्या होत्या. मशीनवर गाडी शांत उभी असते, चीर मिटलेली असते, आकडे हिरवे येतात. रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, चीर उघडते, टो बदलतो आणि गाडी त्या बाजूला नाक खुपसते. मग फाटलेलं रबर दर वेळी थोडं वेगळ्या जागी विसावतं, म्हणून चारशे किलोमीटरनंतर उभ्या गाडीचे आकडेही वेगळे.

बाकीची ढिलाई तपासायची रीत सगळ्यांना माहीत असते, थोडक्यात सांगतो. चाक हवेत उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी खेळ लागला तर टाय रॉड एंड. स्टेअरिंग उभ्या उभ्या फिरवताना स्प्रिंगमधून 'टंग' असा आवाज आला तर स्ट्रटच्या (पुढचा स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड) वरचं माउंट आणि बेअरिंग. लहान खड्ड्यांवर पुढून खडखड आली तर आधी लिंक रॉड, ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारं काम. माझ्या गाडीत एक लिंक रॉड आणि दोन्ही वरची माउंट गेलेली निघाली. पण हे सगळं बदलूनसुद्धा स्टेअरिंगचा तिरकेपणा गेला नसता. तो मागे होता.

मागच्या चाकांकडे कुणी बघत नाही

आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. एकच जाड पट्टी, त्यात कॅम्बर किंवा टो फिरवायला काही नसतंच. अलाइनमेंटवाल्या पोरांचे हात त्याच गाड्यांवर बसलेले. त्यामुळे माझ्या कागदावर मागच्या रकान्यात लाल दिसत असताना मला तीनपैकी दोन ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "मागं ॲडजस्टमेंट नसते साहेब." आरएसला मागे मल्टीलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म. प्रत्येक बाजूला आर्मच्या आतल्या टोकांशी एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म आत-बाहेर सरकवणारा) असतात, एकाने कॅम्बर फिरतो, दुसऱ्याने टो. तुमची गाडी कुठली का असेना, अलाइनमेंटला नेण्याआधी तिच्या मागे काय आहे ते स्वतः खाली वाकून बघून घ्या.

माझ्या कागदावर मागचा टो असा होता: डावं चाक आत २८ मिनिटं, उजवं बाहेर १० मिनिटं. (एक अंश म्हणजे ६० मिनिटं.) बेरीज केली तर १८, ती मर्यादेत, म्हणून 'टोटल टो' हिरवा. पण नीट बघा, डावं चाक आत म्हणजे उजवीकडे तोंड, उजवं चाक बाहेर म्हणजे तेही उजवीकडेच. दोन्ही मागची चाकं मिळून गाडीचं शेपूट उजवीकडे ढकलतायत. दोघांतला फरक ३८, त्याचा निम्मा १९ मिनिटं, हा झाला थ्रस्ट अँगल. मागचा ॲक्सल गाडीला ज्या दिशेने रेटतो, पुढच्या चाकांना त्याच दिशेने वळून राहावं लागतं. स्टेअरिंग चाकांच्या कितीतरी पट फिरतं, म्हणून पुढे १९ मिनिटं म्हणजे स्टेअरिंगवर साधारण साडेचार अंश. तोच माझा डोळ्यात खुपणारा तिरकेपणा. दर वेळी पुढचे टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून द्यायचे, म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाचा खांदा सरळ करायचा.

शंका असेल तर घरीही तपासता येतं, मशीन लागत नाही. गवंड्याची सुताची दोरी घ्या आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर, दोन-दोन जॅक स्टँडला ताणून बांधा. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून दोरीपासून हबच्या मध्यापर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं येईल अशा दोऱ्या लावायच्या. मग रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती लांब ते मोजायचं. अठरा इंची रिमवर १० मिनिटं टो म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त फरक. स्टीलच्या पट्टीने अर्धा मिलिमीटर नक्की वाचता येतो. पुढची चाकं फिरायला मोकळी हवीत, त्यासाठी प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मधे ग्रीस. हे करायला माझा एक रविवार गेला आणि शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, "बांधकाम काढलंय का?" पण त्या दिवशी पहिल्यांदा मागचं उजवं चाक बाहेर पाहतंय हे मी माझ्या पट्टीवर पाहिलं.

मग ते सरळ का केलं नाही? कारण उजव्या बाजूचा एक्सेंट्रिक बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. तिसऱ्या अलाइनमेंटवाल्याने, तो जाणकार होता, पाना लावून पाहिला आणि खरं सांगितलं की हा फिरणार नाही. बाकी दोघांनी लावूनही पाहिला नव्हता.

खाली बसवलेल्या स्प्रिंग

आता गाडीच्या आधीच्या मालकाचा प्रताप. त्याने साधारण तीस मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या होत्या, शॉकअप मात्र मूळचेच. दिसायला गाडी देखणी, फोटोत तर फारच. पण मल्टीलिंकमध्ये गाडी जितकी खाली बसते तितकं मागचं चाक वरून आत झुकतं. माझा मागचा कॅम्बर उणे दोन अंश दहा मिनिटं होता, हवा होता उणे १ अंश २० मिनिटांच्या आसपास. त्यात डिकीत मोसंबी. गाडी अजून खाली, कॅम्बर अजून आत. मागचे टायरही आतूनच जात होते, फक्त सावकाश.

दुसरं, शॉकअपची धाव स्प्रिंगने आधीच खाऊन टाकली होती. शॉकअप उतरवले तेव्हा धुळीच्या रबरी झाकणातून बंप स्टॉपचा (शॉकअपची धाव संपली की धक्का झेलणारा मऊ तुकडा) पिवळट भुगा पडला, रव्यासारखा. गाडी प्रत्येक मोठ्या ब्रेकरवर स्प्रिंगवर नव्हे तर त्या बंप स्टॉपवर आपटत होती. मागचा एक शॉकअप तेलाने ओला.

आपल्या भागात हे जास्त का बोचतं ते सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईची त्रिज्या १७ मीटर असायला हवा. पैठण रोडवरून आत कुठल्याही गावाच्या फाट्यावर जा आणि बघा. डांबराचं घमेलं उपडं केल्यासारखा उंचवटा, रुंदी हातभर. कधी लग्नाच्या आदल्या रात्री आणखी एक वाढलेला असतो. ते एक. आणि दुसरी आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि तिच्यावरचा रस्ता दोन-चार वर्षांत लाटा घेतो. खड्डा नाही, डांबर शाबूत, पण लांब लांब हेलकावे. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. लाट वीस-बावीस मीटरची असली की सेकंदाला सव्वा ते दीड हेलकावा बसतो, आणि साध्या गाडीच्या सस्पेन्शनची स्वतःची लय नेमकी त्याच्याच आसपास असते. म्हणजे झोपाळ्याला योग्य वेळी धक्का देत राहावं तसं. अशा रस्त्यावर कडक स्प्रिंगचा उपयोग नाही, वर आलेली गाडी आवरून धरणारा शॉकअप लागतो.

म्हणून अपग्रेड करायचं ठरवलं ते गाडी उंच करूनच. मित्रांनी कॉइलओव्हर (आट्यांवर उंची फिरवता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घे म्हणून कान खाल्ले. उंची हवी तशी फिरवता येते हे खरं, पण आपण ती किती वेळा फिरवतो? एकदा. त्यानंतर ते आटे उघडे राहतात आणि पावसाळ्यातला काळा चिखल त्यात सिमेंटसारखा बसतो. ट्रॅकवर नेणाऱ्याची गोष्ट वेगळी, आमचा ट्रॅक म्हणजे खुलताबादचा चढ. बिलस्टाइन या कंपनीच्या शॉकअपच्या नावांत लोक गोंधळतात, म्हणून सांगतो: बी४ हा मूळच्यासारखा बदली शॉकअप, बी६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी पण जास्त आवरून धरणारा, आणि बी८ हा आखूड केलेला, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी. मी आरएसच्या मूळ स्प्रिंग शोधून घेतल्या आणि वर बी६. दिसण्यात गाडी पुन्हा 'साधी' झाली. भाच्याने तोंड वाकडं केलं, चालेल.

ऑर्डर देण्याआधी एक माप घ्या, नाहीतर खोकं परत पाठवावं लागेल. या घराण्याच्या गाड्यांत पुढचा स्ट्रट खाली हबच्या कवेत बसतो तिथे त्याचा व्यास ५० मिमी तरी असतो किंवा ५५ मिमी तरी. नाव एक, वर्ष एक, तरी फरक असू शकतो. चाक काढून, जागा पुसून, व्हर्निअर लावा. माझा ५५ निघाला. स्ट्रट बाहेर काढताना हबच्या चिरेत एक चपटी गुल्ली घालून नव्वद अंशांत फिरवायची असते, म्हणजे कव उघडते. छिन्नी-हातोड्याने ठोकणारे असतात. त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका.

सस्पेन्शनला हात घालताना कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडी मूळ तपशिलाहून वेगळी करायला मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. खाली बसवलेल्या गाडीचा अपघाताचा दावा अडकू शकतो. मूळ उंचीवर परत येण्याचं हेही एक कारण होतं.

इथे मी स्वतः खाल्लेली चपराक

मागच्या आर्मचे काही बुश मी याआधी, दुसऱ्या अलाइनमेंटच्या वेळी, एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. नवे कोरे. चार महिन्यांत दोन फाटले. मी बुशच्या दर्जाला शिव्या घातल्या. दोष बुशचा नव्हता.

हे बुश म्हणजे आतली लोखंडी नळी, बाहेरची लोखंडी नळी आणि मधे दोघींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. पुढे आर्म हलतो तेव्हा काही सरकत नाही, रबर पीळ खातं. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना चाकं लोंबतात, आर्म खाली झुकलेले असतात. तशात बोल्ट आवळले तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत 'सरळ'. गाडी खाली ठेवली की आर्म वर येतात आणि रबर पिळवटलेल्या अवस्थेतच कायमचं उभं राहतं. पार्किंगमध्येसुद्धा. वरून ब्रेकर आला की आणखी पीळ. चार महिने टिकले हेच खूप. शिवाय तो पीळ गाडीला थोडं वर धरून ठेवतो, म्हणजे अलाइनमेंटही खोट्या उंचीवर होते, आणि रबर मऊ पडून गाडी बसली की आकडे हलतात.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. काही उघडण्याआधी गाडी सपाट जागी, टाकी भरलेली, डिकी रिकामी, आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवायचं. (स्प्रिंग बदलणार असाल तर नव्या स्प्रिंगवर गाडी एकदा खाली ठेवून, थोडी चालवून हे माप घ्या.) माझ्या गाडीला मागे आधी ३३७ मिमी होतं, मूळ स्प्रिंगवर ३६५ झालं. सगळे बोल्ट नुसते हाताने लागतील इतके ठेवायचे, मग आर्मखाली जॅक लावून ते ३६५ पुन्हा येईपर्यंत उचलायचं आणि तेव्हाच टॉर्क पान्याने आवळायचं. गाडी लिफ्टवरून उचलली जाणार नाही ना, ते बघत बघत. त्याहून सोपं म्हणजे चाचांसारखा खड्डा किंवा चार खांबी लिफ्ट, चाकांवर गाडी उभी आणि आपण खाली.

गंजलेला बोल्ट तीन दिवस तेल पाजूनही हलला नाही. शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंना कापला, आर्म बाहेर काढला आणि वाळूजला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर जुना बुश दाबून काढला, नवा बसवला. औद्योगिक वसाहतीच्या शहरात राहण्याचा हा फायदा. नवा एक्सेंट्रिक बोल्ट घालताना त्याच्या दांड्याला कॉपर ग्रीसचा पातळ हात दिला, आट्यांना नाही. या कामातले बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. जुने परत लावून शंभर रुपये वाचवू नका. आणि मागची स्प्रिंग खालच्या आर्मवर दाबून बसलेली असते, पुढची स्ट्रटवर. कॉम्प्रेसर आणि आर्मखाली जॅक नसताना नट सोडला तर स्प्रिंग हात, दात काही बघत नाही. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका.

त्यानंतर मग अलाइनमेंट

सगळं आवळून पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवली, सगळं आपापल्या जागी बसू दिलं, आणि मग मशीनवर. जाताना टायरची हवा सकाळी थंड असताना भरली. (मे महिन्यात दुपारी मोजली तर तीन-चार पीएसआय जास्त दिसते. ती सोडायची नाही.) मशीनवाल्याला क्रम सांगितला: आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, दोन्ही चाकांचा सारखा, आणि त्यानंतरच पुढे. त्याने जरा रागाने पाहिलं, पण केलं. मागचा कॅम्बर दोन्हीकडे उणे १ अंश १५ मिनिटं ठेवला, मर्यादेच्या मध्याहून किंचित कमी, कारण माझी डिकी बऱ्याचदा भरलेली असते. टो प्रत्येकी आत ६ मिनिटं. थ्रस्ट अँगल शून्य.

पुढे अडचण आली. डावा कॅम्बर उणे २० मिनिटं, उजवा उणे १ अंश १५. पुढे कॅम्बरला वेगळी ॲडजस्टमेंट नाही. पण सबफ्रेमच्या भोकांत थोडी मोकळीक असते. बोल्ट सैल करून तो आडवा सरकवला की एका बाजूचा कमी होतो तितकाच दुसऱ्या बाजूचा वाढतो. दोन्हींची बेरीज तीच राहते. सरकवून डावा उणे ४५, उजवा उणे ५० मिळाला. बेरीज दोन्ही वेळा ९५, ताडून पाहा. बेरीज सारखी असली की बहुधा काही वाकलेलं नाही, फक्त सबफ्रेम सरकलेला. आधी कधी तरी गिअरबॉक्स किंवा क्लचच्या कामाला तो उतरवला असणार. शेवटी स्टेअरिंग मध्यावर लॉक करून पुढचा टो, आणि स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी विसरतात आणि मग ईएसपीचा (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) दिवा लागला की लोक घाबरतात.

सावंगीहून समृद्धीवर जालन्यापर्यंत नेली, १२०ची मर्यादा पाळून. स्टेअरिंगवरचं चिन्ह सरळ. परत येताना जुन्या जालना रोडने, लाटांवर. पूर्वी तिसऱ्या लाटेला पोटात गोळा यायचा. आता गाडी वर येते, एकदाच बसते, संपलं. लहान खड्डे मात्र आधीपेक्षा जास्त कळतात, बी६ त्याबाबतीत मऊ नाही. बायकोने ते पहिल्याच फेरीत सांगितलं.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मशीनवर चढवली, नुसतं मोजायला. सगळ्यात मोठा फरक दोन मिनिटांचा. आता नऊ हजार किलोमीटर झालेत. पुढचा उजवा टायर आत ६.२, मधे ६.४, बाहेर ६.३.

मागची ती 'टक' अजून आहे. सकाळी गाडी गार असताना, गल्लीतल्या पहिल्या ब्रेकरवर, एकदाच. चाचांचं म्हणणं वरच्या माउंटचं वॉशर. पाऊस उघडला की खड्ड्यावर घेणार आहे.